तुमचा डोंगर कोणता?

मागच्या जानेवारीतली गोष्ट. इशाची नमाज झाली होती, भांडी आवरून आम्ही नुकतेच टेकलो होतो, आणि भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहरात असते. तिथे तेव्हा उन्हाळा, आणि त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे. त्यामुळे आमची इशा उरकते तेव्हा तिची फज्रची वेळ झालेली असते. तिच्या लग्नापासून मावशी-भाचीच्या गप्पांची हीच वेळ ठरून गेली आहे.

"खाला, नव्या शाळेत रुजू व्हायचंय," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी स्वागत असतं. नव्या शिक्षकांनी उभं राहून माओरी भाषेत उत्तर द्यायचं. दोन-तीन मिनिटं. आधी सलाम, मग आपली ओळख. ओळखीत सर्वांत आधी आपला डोंगर सांगायचा. आपला डोंगर कोणता?"

आम्ही तळोद्यात राहतो. गच्चीवर गेले की उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत दिसते. "यात विचारायचं काय? सातपुडा," आम्ही म्हणालो.

ती जरा गप्प झाली. "तेच तर विचारते आहे. आपला म्हणायचा का?"

त्या प्रश्नाकडे आम्ही त्या रात्री लक्ष दिले नाही. आमचे लक्ष उच्चारांकडे होते. शिक्षकी पेशा, त्यातून उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवायचे. कुणी नवी भाषा समोर ठेवली की आधी तिची अक्षरे चाखून पाहावीशी वाटतात. शिवाय या पोरीला लहानपणी नूरानी कायदा आम्हीच शिकवला होता. तिचा ऐन आणि हे आमच्या ओट्यावर तयार झाले. आता वीस वर्षांनी पुन्हा तोच धडा, फक्त मजकूर वेगळा.

माओरी ही न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची भाषा. पाहुणे आले की त्यांचे रीतसर स्वागत होते, त्याला पोफिरी म्हणतात. आधी यजमानांच्या बाजूने एक स्त्री उंच स्वरात हाक घालते. पाहुण्यांतली एक स्त्री तिला तसेच उत्तर देते, आणि मग पाहुणे गप्पा न मारता, सावकाश, एका घोळक्याने पुढे चालत येतात. त्यानंतर भाषणे होतात. प्रत्येक भाषण संपले की वक्त्याच्या बाजूचे लोक उभे राहून एक गाणे म्हणतात, कारण माणूस बोलतो तो एकटा बोलत नाही, मागे त्याची माणसे उभी असतात. भाषणात घराला सलाम, मग मृतांचे स्मरण आणि त्यांना निरोप, मग हयात असलेल्यांना सलाम. शेवटी नाकाला नाक लावून भेट, आणि मग जेवण. सभागृहात शिरताना चपला बाहेर. जेवणाच्या टेबलावर बसायचे नाही, उशीवर बसायचे नाही, कारण उशी डोक्याची आणि डोके पवित्र. हे ऐकून आमच्या अम्मी आठवल्या. उशीवर बसलो म्हणून त्यांनी किती धपाटे घातले असतील! त्यांनी न्यूझीलंडचे नावही ऐकले नव्हते.

भाचीच्या शाळेत होणार होता तो याच स्वागताचा थोडा साधा प्रकार. पण तरी माओरी शिक्षक, पालक, वडीलधारी मंडळी येणार, आणि तिने आपल्या तोंडाने बोलायचे.

तर उच्चार. माओरीत स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. प्रत्येक ऱ्हस्व किंवा दीर्घ. रोमन लिपीत दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात. इंग्रजीच्या सवयीची माणसे ती रेघ शोभेची समजून सोडून देतात आणि फसतात. एकच नमुना देतो. 'केके' म्हणजे आपला बेकरीतला केक. तेच दोन्ही स्वर लांबवले, 'केऽकेऽ', की झाली काख. आता चहाच्या वेळी पाहुण्याने काय मागितले ते तुम्हीच ठरवा. 'वाहिने' म्हणजे एक बाई, पहिला स्वर लांबवला की अनेक बाया. भाचीला आम्ही म्हणालो, "ही रेघ नाही, मद्द आहे. कुठे ताणायचं आणि किती, हे तुला शिकवायला लागू नये." ती हसली, आणि पुढच्या वाचनात एकही रेघ चुकली नाही. मराठीतही 'दिन' आणि 'दीन' एक नव्हे हे आम्ही वर्गात घसा बसेपर्यंत सांगतो; पण बोलताना आपणच तो फरक गिळतो. मद्द गिळायची सवय नसते, ती कामाला आली.

दुसरी गंमत 'फ'ची. रोमनमध्ये डब्ल्यू आणि एच एकत्र लिहिलेले दिसते, त्याचा उच्चार बहुतेक ठिकाणी 'फ'सारखा. पण कुठला फ? 'फळ' म्हणतो तो नव्हे. 'फजर' म्हणतो तो, उर्दूतला फे, ओठांतून नुसती हवा सोडायची. कुटुंबाला 'फाऽनोउ' म्हणतात, जमिनीला 'फेनुआ'. प, त आणि क मात्र आपल्यासारखेच कोरडे, श्वासाचा फुसकारा नको. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे जमवायला तोंडासमोर कागद धरून सराव करावा लागतो. मराठी पोर 'पाणी' आणि 'फणी' यांतला फरक दूधपित्या वयात शिकते.

आणि मग तो 'ङ'. पहिलीच्या तक्त्यावर घ नंतर जो बिचारा बसलेला असतो, ज्याच्या पुढे चित्र काय काढावे हे कुणालाच सुचत नाही, तो. दरवर्षी एखादे पोर विचारते, "बाई, याचा शब्द काय?" आणि आम्ही 'वाङ्मय' लिहून देतो, जो शब्द त्या वयात कुणाच्याही कामाचा नाही. माओरीत हा ङ शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. अनेकवचनाचा 'ङाऽ' तर वाक्यावाक्यात. भाची 'न्गा' म्हणत होती, 'ना' म्हणत होती, काही जमेना. मग आम्ही तिला 'अंगण' म्हणायला लावले. "अं वर थांब. जीभ मागे चिकटली आहे ना? आता ग न म्हणता तिथूनच आ सोड." पाचसहा वेळा ती घुटमळली आणि अचानक निघाला, स्वच्छ, मोकळा: ङा! तिकडे तिचा नवरा झोपेतून उठून बघायला आला. इकडे आमच्या साहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. त्या ङ ला आयुष्यात पहिल्यांदा नोकरी मिळाली.

अभिवादनाचे शब्द तर आमच्या फारच आवडीचे निघाले. 'किआ ओरा' सर्वांना ऐकून माहीत असतो. त्याचा अर्थ जिवंत राहा, बरे असा. रीतसर सलाम मात्र माणसे मोजून करायचा. एकाला 'तेऽना कोए', दोघांना 'तेऽना कोऽरुआ', तीन किंवा जास्त असतील तर 'तेऽना कोउतोउ'. मराठीत एक आणि अनेक एवढेच. दोघांसाठी वेगळे रूप अरबीत आहे, म्हणून मदरशात शिकलेल्या वाचकांना हे चटकन उमजेल. गंमत अशी की आपण एकट्या माणसालाही 'अलैकुम' असे अनेकवचनीच सलाम करतो. त्यांच्याकडे एकट्याला 'कोउतोउ' म्हटले तर तो मागे वळून पाहील, बाकीचे कुठे आहेत म्हणून. शब्दाचा अर्थ साधारण 'ते तुम्ही आहात' असा. म्हणजे तुम्ही मला दिसलात, मी तुम्हाला पाहिले.

चार-पाच रात्रींत उच्चार बसले. मग पुन्हा तो डोंगर आडवा आला.

ओळख सांगायची त्यांची एक रीत आहे, तिला पेपेहा म्हणतात. माझा डोंगर अमुक, माझी नदी अमुक, माझे पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी अमुक, माझी जमात, माझे घराणे. आणि सगळ्यात शेवटी आपले नाव. हॅमिल्टनची नदी वाइकातो, आणि तिथल्या लोकांचा डोंगर तोउपिरी. त्या डोंगरावर त्यांची कबरस्ताने आहेत, त्यांचे राजे तिथे दफन आहेत. भाचीच्या शाळेतल्या एका माओरी बाईंनी तिला प्रेमाने पण स्पष्ट सांगितले होते की बाहेरून आलेल्या माणसाने 'तोउपिरी माझा डोंगर' असे म्हणू नये. तो दिसतो म्हणून आपला होत नाही. 'मी त्याच्याकडे पाहत राहते' असे म्हणावे. आणि आपला डोंगर सांगायचाच असेल तर जिथे आपले पूर्वज मातीत आहेत तिथला सांगावा.

म्हणून तिने विचारले होते: सातपुडा आपला म्हणायचा का?

आता या प्रश्नाचे आम्ही काय करावे? आमच्या वडिलांकडच्या घराण्यात सांगतात की मूळ पुरुष मकराणच्या किनाऱ्यावरून गलबताने सुरतेला उतरला, आणि तिथून सातपुड्यातल्या मेवासी संस्थानिकांच्या पदरी शिपाई म्हणून लागला. हे संस्थानिक भिल्ल. अक्कलकुव्यात मकराणी फळी नावाची वस्ती आजही आहे. फळी म्हणजे इथल्या बोलीत पाडा, वस्ती. म्हणजे आम्ही भिल्ल राजांचे चाकर म्हणून या डोंगराच्या पायथ्याशी आलो. मग आमची पिढी शिकली, पगारी झाली, आणि त्याच लोकांच्या पोरांच्या वह्यांत लाल शाईने फुल्या मारू लागली. सातपुडा आमचा कधी झाला? अस्तंभ्याच्या शिखरावर दिवाळीत हजारो आदिवासी रात्रभर चालत जातात. आम्ही एकदाही गेलेलो नाही.

"होडी मात्र आपली पक्की आहे," आम्ही भाचीला म्हणालो. "सुरतेचं गलबत लिही."

तिने शेवटी जे रचले त्याचा मराठी आशय असा होता: माझे पूर्वज समुद्रापलीकडून होडीने आले. सातपुडा डोंगर ज्यांचा आहे त्यांच्या शेजारी मी वाढले. तापी नदी ओलांडून शिकायला गेले. आज वाइकातोच्या काठी राहते आणि तोउपिरीकडे आदराने पाहते. नंतर आईवडिलांची नावे, आणि शेवटी तिचे.

नाकाला नाक लावायचा प्रश्न तिने स्वतःच सोडवला. त्या भेटीला होङी म्हणतात. कपाळ आणि नाक एकमेकांना टेकवून एक श्वास वाटून घ्यायचा. बायकांशी तिला अडचण नव्हती, पुरुषांशी होती. आमच्या आपाला, म्हणजे तिच्या अम्मीला, हेच फार टोचत होते. "आजारी आहे म्हणून सांग," असा आपाचा सल्ला. भाचीने तो मानला नाही. तिने आदल्या दिवशी त्या माओरी बाईंकडे जाऊन खरे कारण सांगितले. बाई म्हणाल्या, आधी सांगितलंस हे बरं केलंस, समोर आल्यावर मागे सरकली असतीस तर आमच्या म्हाताऱ्यांना लागलं असतं. दुसऱ्या दिवशी पुरुष मंडळींनी छातीवर हात ठेवून मान लववली, तिनेही तसेच केले. एका नव्वदीच्या आजीने मात्र तिचे डोके दोन्ही हातांनी धरून नाक असे टेकवले, की भाची सांगते, हिजाबची पिन निसटली.

भाषण कसे झाले? एक जागा चुकली. घाबरून ती 'तेऽना कोउतोउ' तीनदा म्हणायचे ते दोनदाच म्हणाली. समोरच्यांनी तिसरे पूर्ण केले. बोलणे संपल्यावर गाणे कोण म्हणणार ही तिची मोठी काळजी होती, कारण तिच्या बाजूने एकटा नवरा, आणि त्याला अंताक्षरीतही कुणी घेत नाही. पण ती थांबली तेव्हा शाळेतले सात-आठ शिक्षक उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी गाणे म्हटले. हे सांगताना कॉलवर तिचा आवाज बसला होता.

हे सगळे त्या देशात नेहमीचे होते असे समजू नका. एके काळी तिथल्या शाळांत माओरी बोलले म्हणून मुलांनी छड्या खाल्ल्या आहेत. त्या पिढीने मग आपल्या मुलांना ती भाषा शिकवलीच नाही, मार वाचावा म्हणून. १९७२ साली तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेपुढे गेला, शाळांत माओरी शिकवा म्हणून. १९८२ पासून 'कोऽहाङा रेओ', म्हणजे भाषेची घरटी, या नावाच्या बालवाड्या निघाल्या, जिथे आज्या नातवंडांशी फक्त माओरीत बोलत. १९८७ मध्ये ती अधिकृत भाषा झाली. मधे १९८४ चा एक किस्सा आहे, तो आम्हाला फार आवडला. ऑकलंडच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नायडा ग्लाविश नावाच्या बाई फोन उचलला की 'किआ ओरा' म्हणत. वरिष्ठांनी बजावले, इंग्रजीतच अभिवादन करा. त्यांनी ऐकले नाही. देशभर गलका झाला, पंतप्रधानांपर्यंत प्रकरण गेले, आणि शेवटी बाईंचे 'किआ ओरा' कायम राहिले. दोन शब्द. एवढ्यासाठी नोकरी पणाला लावणारी माणसे असतात.

आणि उलट्या बाजूचे एक उदाहरण आपल्या घराघरांत माहीत असेल. १५ मार्च २०१९ ला ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत जुम्याच्या दिवशी गोळीबार झाला, ५१ जण शहीद झाले. चार दिवसांनी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेतल्या भाषणाची सुरुवात 'अस्सलामु अलैकुम'ने केली. त्यांचा ऐन घशातून आला नव्हता. तेव्हा आम्ही टीव्हीसमोर होतो, तजवीदवाले आम्ही, आणि तो ऐन आमच्या कानाला खटकला नाही.

इतके लिहून थांबलो असतो तर हा लेख परदेशातल्या भाचीच्या कौतुकाचा झाला असता. पण त्या ङ च्या रात्रींनंतर आमचीच झोप उडाली.

आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथल्या दर शंभरातली एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातीची होती. आमच्या वर्गात त्याहून जास्त. वसावे, पाडवी, वळवी, पावरा, तडवी, गावित अशी हजेरी. त्याच जनगणनेत देशभरात भिली आणि तिच्या बोली मातृभाषा सांगणारे एक कोटीहून अधिक होते. न्यूझीलंडमध्ये माओरीत बोलू शकणारे साधारण दोन लाख. दोन लाखांची भाषा त्या देशाची अधिकृत भाषा आहे. कोटीची भाषा आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत नाही, आणि बावीस वर्षे त्या भाषेची मुले शिकवणाऱ्या आमच्या तोंडातही नव्हती.

पोरे पाढे म्हणताना 'सात' ऐवजी 'हात' म्हणतात. आम्ही किती वर्षे ते दुरुस्त करत आलो! "हात नाही, सात. हात म्हणजे हे," असे पंजा दाखवून. वर्ग हसायचा, आणि ज्याला विचारले ते पोर पुढचा महिनाभर तोंड उघडायचे नाही. भाचीच्या निमित्ताने आम्ही ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषा-सर्वेक्षणाचा भिली बोलींवरचा खंड उघडला, १९०७ साली छापलेला. तिथे सरळ नोंद आहे, या बोलींत स चा ह होतो. तो त्या भाषेचा कायदा आहे. शंभर वर्षांपूर्वी एका आयरिश अधिकाऱ्याला जे ऐकू आले ते आम्हाला पोरांच्या चुका म्हणून ऐकू येत होते. मखरज शिकवणारी आम्ही माणसे, कुणाच्या तोंडातला मखरज खोडत होतो?

जूनमध्ये शाळा उघडली. दरवर्षीप्रमाणे पटनोंदणीसाठी डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर पालकांची बैठक होती. यंदा आम्ही ठरवले, सुरुवात त्यांच्या बोलीत करायची. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना गाठले. म्हटले, आम्हाला नमस्कार शिकवा.

मावशींनी आधी उलट विचारले, "कोणाच्या घरी?"

कारण नमस्कार एक नाही. तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुलाम महाराज १९३० च्या दशकात दारू सोडा, नीट राहा असे सांगत होते, हजारो आदिवासी त्यांच्यामागे होते. एकमेकांना भेटल्यावर 'आप की जय' म्हणा असे त्यांनी सांगितले. ज्यांच्या घरात ती परंपरा आहे ते आजही तेच म्हणतात. दुसऱ्या घरी राम राम. कॉलेजातली पोरे जय आदिवासी किंवा जोहार म्हणतात. आम्ही आजवर सगळ्यांना एकच नमस्कार ठोकत होतो. मावशींनी घरागणिक सांगितले. मग म्हणाल्या, म्हाताऱ्या बायांना 'याहा' म्हणा. याहा म्हणजे आई. देवमोगऱ्याच्या याहामोगी मातेच्या नावात आहे तोच शब्द.

आम्ही म्हणालो, "याहा." मावशी खिचडीची पळी हातात धरून हसतच सुटल्या. शेजारी उभी पोरेही. कळेना काय झाले. मग लक्षात आले: आमचा ह घशाच्या तळातून आला होता, अरबीतल्या मोठ्या हे सारखा, अलहम्दुमधला. त्यांचा ह म्हणजे नुसती झुळूक. तीन दिवस आम्ही ह हलका करत होतो. चौथीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत येऊन परीक्षा घ्यायची आणि मान हलवायची, नाही म्हणून. चौथ्या दिवशी तिने पास केले.

बैठकीला गेलो. पाड्यावर रीत अशी की पाहुण्याला खाट टाकतात आणि पाणी देतात. ते घेईपर्यंत कामाचे बोलायचे नसते. आधीच्या वर्षी आम्ही पाणी नको म्हणून थेट रजिस्टर उघडले होते. यंदा पाणी घेतले. उभे राहून 'आप की जय' म्हणालो. मग मराठीतच, पण भाचीच्या क्रमाने बोललो. आमचे पूर्वज बाहेरून गलबताने आले, तुमच्या राजांच्या पदरी शिपाई होते. हा डोंगर तुमचा. आम्ही त्याच्या पायथ्याशी राहतो. तुमची मुले आमच्याकडे असतात. शेवटी आमचे नाव सांगितले, जे त्यांना बावीस वर्षे माहीत होते आणि आम्ही कधी सांगितले नव्हते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघे-तिघे कारभाऱ्याकडे पाहत होते. कारभारी म्हणाला, "कोणती फळी?" आम्ही मकराणी फळी म्हणालो. त्याने मान डोलावली, "आहे, आहे," आणि बैठक सुरू झाली.

उठताना कडेला बसलेल्या एका म्हातारीजवळ गेलो आणि म्हणालो, "याहा, किती नातवंडं?"

ती म्हणाली, "हात."

आम्ही आपला हात पुढे केला.

म्हातारीने तो घेतला. बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. पण तिने हात सोडला नाही. आमची बोटे एकेक दुमडत तिने पाच नातवंडांची नावे घेतली, आणि बोटे संपल्यावर उरलेल्या दोघांसाठी दुसरा हात मागितला.